जुन्या दूरचित्रवाणी मालिकेवरच्या क्रूझला ठाणे-नवी मुंबईतून जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, वाशी आणि नेरूळ येथील आम्ही नऊ जण ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या प्रवासावरच्या अमेरिकी मालिकेवर आधारलेल्या क्रूझला जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीचे आणि अनोळखी असे अनेक जण आम्हाला त्याविषयी विचारत असतात. फोनवर दर वेळी तेच सांगताना एखादी महत्त्वाची गोष्ट राहून जाते, म्हणून सर्व उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. तारखा, दर आणि जहाज दरवर्षी बदलतात, त्यामुळे ते आयोजकांकडूनच तपासून घ्यावेत.

मालिकेवर आधारित क्रूझ म्हणजे नेमके काय?

नेहमीचेच प्रवासी जहाज, नेहमीचेच समुद्रमार्ग, मात्र जहाजावरचे कार्यक्रम एका मालिकेभोवती गुंफलेले असतात. कलाकारांच्या मुलाखती, जुन्या भागांचे खेळ, प्रश्नमंजूषा, वेशभूषेच्या संध्याकाळी, संगीताच्या मैफली आणि चाहत्यांच्या गप्पा असा दिवसभराचा भरगच्च कार्यक्रम असतो.

यात दोन प्रकार आहेत आणि पैसे भरण्याआधी त्यांतला फरक समजून घेणे फार आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात आयोजक संपूर्ण जहाज भाड्याने घेतात, म्हणजे जहाजावरचा प्रत्येक प्रवासी त्या मालिकेसाठीच आलेला असतो आणि मोठे नाट्यगृह, भोजनगृहे, डेक सर्व काही त्या कार्यक्रमासाठी उपलब्ध असते. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या सफरीवर चाहत्यांचा एक गट जातो. त्या गटासाठी एखादे सभागृह ठरावीक तासांपुरते राखून ठेवलेले असते आणि बाकीचे प्रवासी आपापल्या सुट्टीवर असतात. दुसरा प्रकार वाईट आहे असे मुळीच नाही, तो पुष्कळदा स्वस्तही पडतो. परंतु पहिला समजून दुसऱ्याचे पैसे भरले तर मन खट्टू होते.

कोणकोणत्या मालिकांवर अशा सफरी झाल्या आहेत?

सर्वांत ठळक उदाहरण ‘स्टार ट्रेक’चे. संपूर्ण जहाज घेऊन होणारी त्यांची पहिली सफर जानेवारी २०१७ मध्ये मायामीहून ‘नॉर्वेजियन पर्ल’ या जहाजावर निघाली. पुढे ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’सारखी, एका वेळी सुमारे तीन हजार प्रवासी नेणारी जहाजेही या सफरीसाठी घेतली गेली. मायामी शहरात एकत्र राहणाऱ्या चार प्रौढ स्त्रियांची ‘द गोल्डन गर्ल्स’ ही मालिका अमेरिकेत १९८५ ते १९९२ या काळात चालली. तिच्या चाहत्यांची सफर फेब्रुवारी २०२० मध्ये मायामीहूनच निघाली होती.

‘द लव्ह बोट’चे प्रकरण मात्र अगदी वेगळे आहे, कारण ती मालिकाच मुळी जहाजावर घडते. सप्टेंबर १९७७ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्यातले ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ हे जहाज खरोखरचे प्रवासी जहाज होते. क्रूझ म्हणजे केवळ अतिश्रीमंतांची चैन ही सामान्य अमेरिकी माणसाची समजूत बदलण्यात या मालिकेचा मोठा वाटा होता. तिच्यात कॅप्टनची भूमिका करणारे गॅव्हिन मॅक्लाउड पुढे अनेक वर्षे ते जहाज चालवणाऱ्या ‘प्रिन्सेस क्रूझेस’ या कंपनीचा जाहिरातींतला चेहरा होते. ते जहाज २०१३ मध्ये तुर्कस्तानातील अलिआगा येथे मोडीत निघाले, पण त्या कंपनीची अनेक जहाजे बंदर सोडताना आजही भोंग्यावर त्या शीर्षकगीताचे सूर वाजवतात. मालिका आणि समुद्रप्रवास यांचे नाते किती जुने आहे, हे त्या भोंग्यात ऐकू येते.

आपल्याकडच्या माणसाला एवढ्या लांबच्या मालिकेशी काय देणेघेणे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आणि याचेच उत्तर द्यायला आम्हाला सर्वांत जास्त आवडते. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ मध्ये तीन पर्वांत, ७९ भागांनंतर बंद पडली. आपल्याकडे ती १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली जात असे. त्या वेळी नौपाड्यातल्या आमच्या वाड्यात एकच दूरदर्शन संच होता, तोही कृष्णधवल. रविवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही सात-आठ मुले, तो ज्यांच्याकडे होता त्या काकूंच्या दिवाणखान्यात सतरंजीवर जाऊन बसत असू. इंग्रजी संवाद निम्मेही कळत नसत. स्पॉक या टोकदार कानांच्या अधिकाऱ्याची वर गेलेली भुवई, दार सरकल्याचा आवाज आणि कप्तानाने खुर्चीच्या हातावरचे बटण दाबणे एवढे मात्र पाठ होते. गणवेशांना तीन वेगवेगळे रंग आहेत, हे तर आम्हाला फार पुढे रंगीत संच आल्यावर कळले.

या मालिकेच्या जगात आपल्या मुंबईचेही एक माणूस आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि १९६५ साली मिस इंडिया झालेल्या पर्सिस खंबाटा यांनी १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात प्रमुख भूमिका केली आणि त्यासाठी डोक्यावरचे सर्व केस उतरवले. जहाजावर आम्ही मुंबईकडचे आहोत असे सांगितल्यावर समोरचा माणूस पहिले नाव त्यांचेच घेत असे, हे आम्ही दोन-तीनदा अनुभवले.

ही मालिका फारशी आठवत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

जाण्यापूर्वी ती पुन्हा पाहिलीत तर निश्चितच आहे. मूळ मालिकेचा प्रत्येक भाग साधारण पन्नास मिनिटांचा आहे. रोज एक पाहिला तर ७९ भाग पावणेतीन महिन्यांत पूर्ण होतात आणि व्हिसाच्या तारखेची वाट पाहण्यात तेवढा काळ सहज जातो. १९८७ ते १९९४ या काळात आलेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेतले आणि त्यानंतरच्या मालिकांतलेही पुष्कळ कलाकार जहाजावर येत असतात, म्हणून त्या मालिकांचे निवडक भाग पाहून ठेवावेत. ज्या मालिकेशी आपले काहीच नाते नाही तिच्या सफरीवर केवळ स्वस्त मिळाली म्हणून जाऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. साध्या क्रूझवर तेच पैसे अधिक सुखाने खर्च होतात.

कलाकार खरोखर भेटतात का?

भेटतात. नाट्यगृहातल्या मुलाखतींत तर भेटतातच. कलाकारही त्याच जहाजावर राहत असल्याने कधी कधी लिफ्टमध्ये किंवा न्याहारीच्या रांगेतही समोर येतात. सभागृहाबाहेर ते आपल्याइतकेच प्रवासी असतात. जेवत असताना स्वाक्षरी मागू नये आणि न विचारता छायाचित्र काढू नये, ही मर्यादा तेथे बहुतेक सर्व जण पाळतात आणि आपणही पाळावी.

मात्र एका नावावर विसंबून पैसे भरू नयेत. चित्रीकरण किंवा प्रकृती यांमुळे कलाकारांची यादी शेवटच्या क्षणापर्यंत बदलू शकते आणि तसे आयोजकांच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते. शिवाय जुन्या मालिकेच्या बाबतीत काळाचेही भान ठेवावे लागते. मूळ मालिकेतले डीफॉरेस्ट केली १९९९ मध्ये, जेम्स डूहान २००५ मध्ये, लिओनार्ड निमॉय २०१५ मध्ये आणि निशेल निकोल्स २०२२ मध्ये गेले. ज्यांना मूळ संचातल्या कोणाला पाहायचे आहे त्यांनी पुढच्या वर्षी पाहू असे म्हणत बसू नये. स्वाक्षरी आणि सोबतचे छायाचित्र दरात धरले आहे की वेगळे आकारले जाते, हे आधी वाचून घ्यावे.

व्हिसासाठी काय करावे लागते?

बहुतेक सफरी फ्लोरिडातील बंदरांतून निघतात, म्हणून अमेरिकेचा बी-१/बी-२ प्रकारचा पर्यटक व्हिसा लागतो. जहाज मधल्या काळात दुसऱ्या देशांच्या बंदरांना लागून पुन्हा अमेरिकेत येते, त्यामुळे तो अनेक प्रवेशांचा असणे आवश्यक आहे. भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांसाठी आणि अनेक प्रवेशांचाच मिळतो. डीएस-१६० हा अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि त्याचे मूळ शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. त्यावर आणखी एखादा आकार लागू झाला आहे का, हे अर्ज भरताना पाहावे. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांसाठी दोन वेगळ्या भेटी ठरवाव्या लागतात. मुंबईचा वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आणि मुलाखत सकाळची असेल तर ठाण्याहून गाडीने निघण्यापेक्षा लोकलने कुर्ल्यापर्यंत जाऊन पुढे रिक्षा करणे आम्हाला अधिक भरवशाचे वाटले.

मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ लागू शकतो, म्हणून आधी व्हिसा आणि मगच परत न मिळणारे पैसे, हा क्रम कधीही मोडू नये. पूर्वी ७९ वर्षांवरील अर्जदारांना मुलाखतीतून सूट होती. ती सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकण्यात आली आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही आता प्रत्यक्ष जावे लागते. मुलाखतीत सफरीविषयी विचारले तर खरे आणि थोडक्यात सांगावे. आमच्यातील नेरूळच्या ताईंनी “लहानपणी पाहिलेल्या मालिकेची सफर आहे” एवढेच सांगितले आणि पुढचे दोन प्रश्न नोकरी आणि कुटुंबाविषयी झाले.

जहाज ज्या ज्या देशांत थांबणार आहे त्यांचे नियमही पाहावेत. मेक्सिकोसाठी, अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर पर्यटनाकरिता वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकी नागरिकांना अशा फेऱ्यांमध्ये पासपोर्टविनाही जाता येते असे वाचून काही जण गोंधळतात. ती सवलत आपल्याला नाही. आपला पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर निदान सहा महिने वैध असावा. नूतनीकरण करायचे असेल तर ठाण्यातले पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे.

विमान कोठून घ्यावे आणि किती दिवस आधी पोहोचावे?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली, तेव्हा वाशी-नेरूळकडच्या मंडळींनी तिकीट काढण्यापूर्वी तेथून काय उपलब्ध आहे हे अवश्य पाहावे. फ्लोरिडासाठी मात्र मुंबईहून एक तरी थांबा घ्यावाच लागतो. दुबई किंवा दोहामार्गे थेट मायामीला उतरता येते, नाहीतर न्यूयॉर्कला उतरून देशांतर्गत विमान घ्यावे लागते. जहाज पोर्ट कॅनाव्हरल येथून निघणार असेल तर जवळचा मोठा विमानतळ ऑर्लँडोचा आहे आणि तेथून बंदर साधारण सत्तर किलोमीटरवर आहे.

निदान दोन दिवस आधी पोहोचावे. हिवाळ्यात फ्लोरिडाची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि शरीर त्याला लगेच सरावत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : जहाज कोणासाठी थांबत नाही. परतीच्या दिवशीही असाच सावधपणा हवा. आमच्यातल्या एका जोडप्याने सकाळी साडेदहाचे विमान घेतले होते. धुके असल्यामुळे जहाज धक्क्याला उशिरा लागले, उतरण्याची आणि इमिग्रेशनची रांग लांबली आणि त्यांना विमान सोडून नवे तिकीट काढावे लागले. परतीचे विमान दुपारनंतरचेच घ्यावे, शक्य असल्यास दुसऱ्या दिवशीचे.

खर्च किती येतो आणि त्यात काय धरलेले असते?

एक आकडा सांगणे योग्य होणार नाही, कारण केबिनच्या प्रकारानुसार दर दुपटीपेक्षाही अधिक बदलतो. आतली खिडकी नसलेली केबिन सर्वांत स्वस्त, त्यानंतर समुद्र दिसणारी, मग बाल्कनीची. जाहिरातीतला दर माणशी असतो, आणि तोही एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून. केबिन, मुख्य भोजनगृह आणि बुफे, तसेच मुलाखती व कार्यक्रम दरात असतात. मद्य, शीतपेये, इंटरनेट, विशेष उपाहारगृहे आणि बंदरांवरच्या सहली वेगळ्या असतात. कर्मचाऱ्यांची बक्षिसी माणशी दररोज साधारण सोळा ते वीस डॉलर एवढी खात्यावर आपोआप लागते. ती आधीच दरात धरली आहे का, हे पाहावे. केबिन आवरणारी माणसे कित्येक महिने घरापासून दूर असतात, त्यांत आपले कोकणातले आणि गोव्याकडचे तरुणही भेटतात, म्हणून हा आकार काढून टाकण्याचा विचार कृपया करू नये.

परकीय चलनाच्या बाबतीत, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. सहलीच्या रकमेवर उगमस्थानी गोळा होणारा कर, म्हणजे टीसीएस, लागू होऊ शकतो. त्याचा दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलतात, पण भरलेली रक्कम आयकर विवरणपत्रात जमा दाखवता येते, म्हणून पावती जपून ठेवावी. मुले अमेरिकेत असतील आणि त्यांनी तेथूनच आपली केबिन घेतली तर ही सर्व खटपट वाचते.

जहाजावर रोख रक्कम चालत नाही. पहिल्या दिवशी जोडलेल्या कार्डावर शेवटी बिल लागते. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवावेत. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, जोडले तर जहाज काही रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला सफरीनंतरही दिवस लागतात, म्हणून जहाजासाठी क्रेडिट कार्ड आणि बंदरांवरच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड अशी विभागणी आम्हाला सोयीची पडली.

एजंटाकडून घ्यावी की थेट आयोजकांकडून?

संपूर्ण जहाज भाड्याने घेतलेल्या सफरीची तिकिटे आयोजकच विकतात, क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर ती दिसतही नाहीत. एजंट चांगला असेल तर विमान, विमा आणि व्हिसाची कागदपत्रे यांत त्याची मदत मोलाची असते. परंतु आमच्या परिचयातील एका कुटुंबाला एका एजंटाने मालिकेची सफर म्हणून त्याच बंदरातून त्याच आठवड्यात निघणाऱ्या दुसऱ्याच जहाजावर केबिन दिली होती. त्यांना ते कळले तेव्हा पैसे परत मिळण्याची मुदत उलटून गेली होती. असे घडू नये म्हणून पावतीवर चार गोष्टी लिखित मागाव्यात : सफरीचे पूर्ण नाव, जहाजाचे नाव, निघण्याची तारीख आणि आयोजकांचा आरक्षण क्रमांक. तो क्रमांक आयोजकांना स्वतः पत्र पाठवून पडताळून घ्यावा. अशा सफरींच्या रद्द करण्याच्या अटी नेहमीच्या क्रूझपेक्षा पुष्कळ कडक असतात.

शाकाहारी जेवण मिळते का? उपवास कसे सांभाळावेत?

मिळते, आणि अपेक्षेपेक्षा चांगले मिळते. मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरांत भारतीय आचारी असतात आणि बुफेत डाळ, भात, एखादी भाजी बहुधा असतेच. आरक्षणाच्या वेळी आपली गरज कळवावी आणि पहिल्याच रात्री भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याला प्रत्यक्ष भेटून सांगावे. नुसते शाकाहारी एवढे सांगून भागत नाही. अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, सूपचा आधार मांसाचा तर नाही ना, हे एकेक करून बोलावे. आदल्या रात्री सांगितले तर ते दुसऱ्या दिवशी वेगळे करून देतात. आमच्या टेबलावर तिसऱ्या रात्री न मागता फुलके आले, तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आले होते.

उपवासाला फळे, दही, दूध, उकडलेले बटाटे आणि सुकामेवा सहज मिळतो. साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही. घरून नेलेल्या खाण्याबाबत दोन ठिकाणचे नियम आहेत : अमेरिकेत उतरताना सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत, आणि जहाजावर घरी केलेले पदार्थ काढून घेतले जाण्याचा संभव असतो, म्हणून दुकानातली सीलबंद पाकिटेच न्यावीत. चहाची किटली, इस्त्री आणि पाणी तापवण्याची कांडी आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाही. ती सामानातून काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात.

वेशभूषा आवश्यक आहे का? ती येथे शिवून मिळते का?

आवश्यक नाही, पण करावी असे आम्ही आग्रहाने सांगू. मूळ मालिकेत तीन रंग आहेत : नेतृत्वासाठी सोनेरी, विज्ञान आणि वैद्यकासाठी निळा, यंत्रविभाग आणि सुरक्षेसाठी लाल. यांतल्या सोनेरी रंगाची एक गंमत आहे. ते कापड प्रत्यक्षात हिरवट होते आणि दिवे व फिल्म यांमुळे पडद्यावर सोनेरी दिसे. आम्ही हे आमच्या नौपाड्यातल्या शिंपीकाकांना सांगितले तेव्हा त्यांनी जांभळी नाक्यावरून तीन छटांचे तुकडे मागवले, ते आळीपाळीने खिडकीच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली धरले आणि शेवटी हळदी-हिरव्या छटेवर बोट ठेवले. कप्तानाच्या बाहीवर दोन अखंड पट्ट्या आणि मध्ये एक तुटक पट्टी असते. ती तुटक पट्टी त्यांनी जरीच्या लेसचे नखाएवढे तुकडे करून एकेक हाताने टाचली. जहाजावर एका गृहस्थांनी ती बाही जवळ घेऊन पाहिली आणि कोठे शिवली असे विचारले, तेव्हा “ठाणे” असे सांगताना आम्हाला अतिशय अभिमान वाटला.

खेळण्यातली शस्त्रे नेण्यापूर्वी आयोजकांचे नियम वाचावेत. पोशाख हातसामानात ठेवावा, कारण मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते.

जहाजावरचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

सकाळी न्याहारीला गेलो की बुफेच्या रांगेत निळ्या, लाल सदऱ्यांतली माणसे थाळ्या घेऊन उभी असतात. टोकदार कान लावलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई शांतपणे कॉफी पीत वर्तमानपत्राचे कोडे सोडवत बसलेल्या आम्हाला रोज दिसत. दहाच्या सुमारास पहिली मुलाखत, दुपारी प्रश्नमंजूषा किंवा एखादे व्याख्यान, संध्याकाळी वेशभूषा, रात्री मैफल, आणि या सर्वांच्या अधूनमधून जुन्या भागांचे खेळ. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी काही ना काही चालू असते. सर्वच गाठण्याचा हट्ट केला तर तिसऱ्या दिवशी माणूस थकून झोपतो. रोजचे दोन कार्यक्रम ठरवावेत आणि बाकी वेळ डेकवर मोकळा ठेवावा.

आमच्या दृष्टीने त्या सफरीतला सर्वोच्च क्षण कोणत्याही कलाकाराचा नव्हता. दुसऱ्या रात्री डेकवरच्या मोठ्या पडद्यावर एक जुना भाग लावला. दिवे मालवले, सुरुवातीचे निवेदन सुरू झाले आणि शेकडो माणसे ते शब्द पडद्याबरोबर एकसुरात म्हणू लागली. कोणी सांगितले नव्हते, कोणी हात वर केला नव्हता. वर काळे आकाश, खाली जहाजाची मंद धडधड, आणि शेजारी अलाबामाहून आलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याइतक्याच मोठ्याने ते म्हणत होते. नौपाड्यातली सतरंजी मला त्या क्षणी जशीच्या तशी आठवली. घरी आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे आणि प्रत्येक जण वेगळ्या वेळी वेगळे पाहतो. एकाच वेळी, एकाच गोष्टीकडे, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून पाहण्याचे ते सुख परत मिळावे, एवढ्यासाठीच एवढा खर्च करावा असे मला वाटते.

बोट लागते त्यांनी काय करावे? वयस्कर माणसांना झेपेल का?

मोठ्या जहाजांना डोलणे कमी करणारी यंत्रणा असते, त्यामुळे होडीत होतो तसा त्रास बहुतेकांना होत नाही. तरीही खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. मळमळीवरचे औषध डॉक्टरांना विचारूनच न्यावे, विशेषतः रक्तदाबाची किंवा काचबिंदूची औषधे चालू असतील तर. आल्याची वडी आमच्यातल्या दोघींना पुरेशी ठरली. आपल्याला कितपत सोसते हे पाहायचे असेल तर आधी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने एक फेरी करावी, आणि त्यानंतर मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची दोन रात्रींची सफर.

वयस्करांना ही सफर उत्तम झेपते. सामान एकदाच उघडायचे आणि एकदाच भरायचे, हे बसच्या सहलीपेक्षा कितीतरी सुखाचे आहे. चाकाची खुर्ची लागत असेल तर तशी केबिन फार आधी मागावी. काही बंदरांत जहाज धक्क्याला न लागता लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, तेथे खुर्ची नेणे अवघड जाते.

औषधे आणि विमा यांचे काय?

पूर्ण मुदतीची औषधे आणि त्यावर चार-पाच दिवस पुरतील इतकी जास्तीची, मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह हातसामानात ठेवावीत. जहाजावर डॉक्टर असतात, परंतु त्यांचे बिल डॉलरमध्ये आणि मोठे असते. प्रवासविमा घेताना क्रूझ आणि समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात स्पष्टपणे धरला आहे का ते वाचावे, आणि मधुमेह-रक्तदाब लपवू नये. जेवणापूर्वी दर वेळी साबणाने हात धुवावेत. जहाजावर पोटाचे विकार झपाट्याने पसरतात.

घरच्यांशी संपर्क कसा ठेवावा?

जहाज सुटले की फोन विमान-मोडवर टाकावा आणि जहाजाचे वायफाय घ्यावे. समुद्रातले मोबाइल नेटवर्क आपल्या सिमला आपोआप जोडले गेले तर बिलाचा आकडा फार मोठा होतो.

एकट्याने जावे का?

अवश्य जावे. एकट्या प्रवाशाला केबिनचा जवळजवळ दुप्पट दर पडू शकतो, हाच काय तो अडसर. जेवणाचे टेबल इतरांबरोबर मागावे. आवडता भाग कोणता, एवढे विचारले की ओळख होते.

लहान मुले आणि गर्भवती स्त्रियांसाठी काही नियम आहेत का?

सहा महिन्यांखालील बाळांना आणि चोवीस आठवडे वा त्याहून अधिक गर्भवती असलेल्या स्त्रियांना बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. मोठ्या मुलांनी मालिका पाहिलेली असेल तरच न्यावे, कारण नेहमीच्या क्रूझवरचे मुलांचे कार्यक्रम अशा सफरीत कमी असू शकतात.

मुंबईहून असे काही करता येईल का?

आमच्या गटाला याचे वेध लागले आहेत. मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले, आणि मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप अशा सफरी हंगामात निघतात. संपूर्ण जहाज घेणे आपल्या आवाक्यातले नाही, पण वीस-पंचवीस जणांच्या गटाला नेहमीच्या सफरीवर एखादी लहान खोली काही तासांसाठी मागता येते. तेथे मालिकेचे भाग सर्वांसमोर दाखवायचे असतील तर हक्कधारकांची परवानगी लागते. ती सोपी होईपर्यंत प्रत्येकाने भाग घरी पाहून यावेत आणि जहाजावर प्रश्नमंजूषा, वेशभूषा आणि आठवणी एवढेच ठेवावे, असे आमचे ठरले आहे. दूरदर्शनच्या अनेक जुन्या मालिका प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या अॅपवर पाहता येतात.

मालिका कोणती, यावर मतभेद आहेत. वाशीकरांना ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ हवी आहे, कळव्याच्या मंडळींचा ओढा १९८६च्या ‘नुक्कड’कडे आहे. माझे मत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ला आहे, कारण डेकवर तीन पिढ्यांनी एकत्र बसून हसण्यासारखी दुसरी मराठी मालिका मला सुचत नाही. शिंपीकाकांना मी चिमणरावांच्या कोटाचे आणि टोपीचे माप आताच देऊन ठेवले आहे.